परभणीच्या ब्रेकव्हॅनमधून डॅन्यूबच्या काठी

निघण्याआधी

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने आम्ही तिघं सायकलवर जाणार होतो: मी, डॉक्टर आणि माझी भाची. सायकल विमानातून नेता येते, एवढं ठाऊक होतं. ती खोक्यात कशी मावते, हे मात्र स्वतः केल्याशिवाय कळत नाही. परभणीतल्या एका सायकलवाल्याकडून नव्या सायकली येतात ती पुठ्ठ्याची दोन मोठी खोकी मागून आणली. एक माझ्या सायकलला, एक डॉक्टरांच्या. भाची पुण्याहून आपली सायकल घेऊन थेट विमानतळावर येणार होती.

दोन संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या पडवीत गेल्या. पुढचं चाक काढून फ्रेमला चिंध्यांनी बांधलं, हँडल सोडवून आडवं केलं, सीट खाली सरकवलं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. नेहमीच्या सवयीने पाना फिरवला तर ते सुटायच्या ऐवजी आवळत जातं. पुढचं चाक निघालं की ते धरणाऱ्या चिमट्याची दोन्ही टोकं मोकळी पडतात, म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा बसवला, नाहीतर वरून वजन आलं की ती आत दबतात. माझा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, काढून कापडात गुंडाळला. डॉक्टरांचा तेवढा राहिला, कारण तोपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले होते. ही चूक पुढे नडली.

टायरमधली हवा सोडावी का, यावर डॉक्टरांशी माझी चर्चा झाली. विमानाच्या सामानकक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, जमिनीवरच्या साधारण पाऊण पट. म्हणजे बाहेरचा दाब चारेक पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं माप) उतरतो, आणि साठ पीएसआय भरलेल्या ट्यूबला फार तर चौसष्टचा ताण जाणवेल. ट्यूब फुटायचं काही कारण नाही. तरी काउंटरवर हवा काढायला सांगतात, म्हणून अर्धी सोडली. पूर्ण सोडली तर धक्क्यात रिंग जमिनीवर बसते.

व्हिसा ऑस्ट्रियाचा काढला. उतरणार होतो जर्मनीत, पण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, मुक्काम जिथे जास्त त्या देशाकडे मागायचा असतो. तीस हजार युरोचा प्रवासी विमा त्याला लागतोच. गंगाखेडहून आईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसर पाठवलं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे आणि तूप घरीच ठेवलं. तिला ते फार पटलं नाही.

पहिला दिवस: परभणी

रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. सायकल रेल्वेने न्यायची तर ती ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून जाते, त्यासाठी पार्सल ऑफिसात आपलं तिकीट दाखवून लगेजची पावती करावी लागते. वजन झालं, खोक्यावर कुठून कुठे ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, पावती मिळाली. गाडी थोडाच वेळ थांबते आणि तेवढ्यात ब्रेकव्हॅनपर्यंत पोचून खोकी चढवायची असतात. ज्या हमालमामांना सांगितलं होतं ते पाऊण तास आधीच फलाटाच्या टोकाला जाऊन उभे होते.

"कुठं चाललाव सर, सायकली बांधून?"

"ऑस्ट्रियाला, मामा. तिथं नदीकाठानं चालवायच्यात."

"गंगा कमी पडली का?" ते म्हणाले, आणि खोकं असं उचललं की आत एक पाना वाजला नाही.

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. माझं बालपण गंगाखेडला तिच्या घाटावर गेलं. मामांचा प्रश्न मला जालन्यापर्यंत झोप येऊ देईना. संभाजीनगरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून ब्रेकव्हॅनचं दार बंद आहे ना, ते बघून आलो.

दुसरा दिवस: मुंबई

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला खोकी शाबूत उतरली. टेम्पो करून अंधेरी. विमानतळावर भाची भेटली. सायकली येणार हे विमान कंपनीला आधीच कळवलेलं होतं. मर्यादा तेवीस किलोची होती. सायकल चौदा, खोकं चार, उरलेल्या पाचात हत्यारं, पंप, ट्यूबा आणि थोडे कपडे. दिव्यांच्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या पिशवीत, कारण त्या सामानात टाकता येत नाहीत. अवजड सामानाचा पट्टा वेगळा असतो, तिथपर्यंत खोकी स्वतः ढकलत न्यावी लागली. सायकलींच्या खरेदीची बिलं जवळ ठेवली होती, म्हणजे परत येताना कस्टममध्ये वस्तू जुनी आहे हे दाखवता येतं. रात्री विमान सुटलं, आखातात बदललं.

तिसरा दिवस: म्युनिक ते पासाऊ

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

म्युनिकला खोकी आली. दोन ठीक होती, डॉक्टरांच्या खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. उघडलं तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर आत वाकला होता. हँगर हा ॲल्युमिनियमचा छोटासा तुकडा, मुद्दाम मऊ ठेवलेला, म्हणजे धक्का बसला तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, परक्या गावात तो दुकानात मिळेलच असं नाही. भाचीने महिनाभर आधी मागे लागून तिघांचे जादा हँगर मागवून घेतले होते. दोन स्क्रू, एक ॲलन की, वीस मिनिटं. डॉक्टर तिला म्हणाले, "पोरी, माझ्या हॉस्पिटलात तुझ्यासारखी सिस्टर पाहिजे." परदेशी सायकल नेणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन: हँगर जवळ ठेवा आणि डिरेलर काढूनच बांधा.

आगमनकक्षाच्या एका कोपऱ्यात सायकली उभ्या केल्या. पुठ्ठा घडी करून कागदाच्या कचऱ्यात दिला, कारण परतीचं विमान व्हिएन्नाहून होतं. मग तशाच ढकलत खाली रेल्वे स्टेशनवर.

आता इथून पासाऊला दोन गाड्या. विमानतळावरून लांड्सहूट, तिथे बदलून प्लाटलिंगमार्गे पासाऊ. दोन्ही रीजनल गाड्या, म्हणजे आपल्याकडच्या पॅसेंजरसारख्या. अशा गाडीत सायकलला आरक्षण लागत नाही, फक्त तिचं वेगळं तिकीट काढायचं. लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र जागा आधी राखावी लागते. गाडी आली तशी भाची म्हणाली, "मामा, दारावर सायकलचं चित्र बघा, त्याच डब्यात चढायचं." फलाट आणि डब्याची पायरी जवळपास सारख्या उंचीची होती. आत भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या, त्या वर केल्या की सायकलींना जागा. पट्ट्याने बांधायचं आणि समोर बसायचं.

मी समोरच बसलो. बावीस वर्षं सायकल चालवतो, रेल्वेने शंभरदा फिरलो, पण सायकल आणि मी एका डब्यात हे पहिल्यांदाच. परभणीपासून आतापर्यंत ती पावतीवरची वस्तू होती. इथे तिकीट तपासनीसाने माझं तिकीट बघितलं आणि मग तिचं. समोर सत्तरीच्या एक आजी आपल्या सायकलला टेकून विणत बसल्या होत्या. पुढच्या स्टेशनवर बाळाची गाडी घेऊन एक बाई चढल्या, तेव्हा आजी उठल्या, सायकल सरकवली. बाळाची गाडी आणि चाकाची खुर्ची यांचा मान पहिला, सायकलचा नंतर, असा तिथला नियम आहे, आणि गर्दीत सायकल नाकारताही येते. मला तो क्रम योग्य वाटला. परभणी ते परळी पॅसेंजरमध्ये असा एकच डबा असता, तर गंगाखेडची कितीतरी पोरं कॉलेजला सायकल घेऊन आली असती. हे मी डॉक्टरांना बोललो, तेही खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प होते.

पासाऊला तीन नद्या भेटतात. उत्तरेकडून काळसर इल्झ, दक्षिणेकडून आल्प्समधलं हिरवट दुधी पाणी आणणारी इन, मधून डॅन्यूब. इनचं सरासरी पाणी डॅन्यूबपेक्षा जास्तच, तरी पुढे नाव डॅन्यूबचं चालतं. टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात.

मग नगरपालिकेच्या इमारतीकडे गेलो. तिच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. जून २०१३ चा पूर १२.८९ मीटरचा, १५०१ नंतरचा सर्वांत मोठा. ती रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. त्याच २०१३ चा उन्हाळा मला आठवतो: जालना, बीडकडे चारा छावण्या, टँकरच्या रांगा, गंगेच्या पात्रात वाळू. एकाच वर्षी एका नदीकाठी पाण्याची रेघ दुसऱ्या मजल्याकडे चढली आणि दुसऱ्या नदीकाठी लोक झरे उकरत होते. रात्री नऊलाही उजेड होता. मी त्या भिंतीपाशी पुन्हा एकदा गेलो.

चौथा दिवस: पासाऊ ते श्लोगेन, ४२ किलोमीटर

सायकल उजव्या बाजूने चालवायची. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, वळताना मात्र हात आपोआप डावीकडे जातो. पहिल्या दिवशी भाची पुढे राहिली, प्रत्येक वळणावर "उजवीकडे, मामा!" असं ओरडत.

वाट जवळजवळ सपाट आहे, आणि त्याला कारण आहे. इंजिनं येण्याआधी बोटी प्रवाहाविरुद्ध घोड्यांनी ओढत न्यायचे. घोड्यांसाठी पाण्याला लागून जी वाट केली तिच्यावरूनच आजची सायकलवाट बऱ्याच ठिकाणी जाते. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत. त्यांचे आकडे उगमापासून मोजलेले नसून काळ्या समुद्राच्या मुखापासून मोजलेले आहेत. पासाऊला आकडा २,२२५ च्या आसपास, आणि आपण खाली जाऊ तसा तो कमी होत जातो. ही नदी २,८५० किलोमीटर, दहा देशांतून वाहणारी. आपली गोदावरी १,४६५. दोघीही पूर्वेकडे जातात.

दुपारी योखेनश्टाइनचं वीजकेंद्र लागलं. नदीच्या अर्ध्यात जर्मनी, अर्ध्यात ऑस्ट्रिया, आणि बंधाऱ्यावरून सायकल नेता येते. आम्ही उत्तर काठच धरला. आऊ नावाच्या ठिकाणी वाट संपते, तिथे सायकलींची छोटी फेरीबोट श्लोगेनला सोडते. संध्याकाळी टेकडी चढून वर गेलो. कठीण ग्रॅनाइटमध्ये अडकलेली डॅन्यूब इथे पूर्ण उलटी फिरते, आलेल्या दिशेलाच परत निघते. डॉक्टर चढताना दोनदा थांबले, वर पोचल्यावर मात्र खाली यायला तयार होईनात.

पाचवा दिवस: श्लोगेन ते लिंझ, ५५ किलोमीटर

मी भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचे ग्रहांच्या गतीचे नियम दरवर्षी येतात. आजचा दिवस त्याच्यासाठी होता.

आशाख सोडलं की दक्षिणेला एफरडिंग नावाचं लहानसं गाव आहे. १६१३ मध्ये केप्लरचं दुसरं लग्न तिथे झालं. घरासाठी त्याने वाइनची पिंपं विकत घेतली. व्यापारी पिंपाच्या भोकातून एक काठी तिरपी आत घाली आणि ती किती भिजली यावरून पैसे सांगे. पिंप लांबट असो की बुटकं, काठी तीच. केप्लरला ते पटलं नाही. पिंपाचं आकारमान खरोखर कसं काढायचं यावर तो बसला, आणि पुढे ज्याला आपण कलनशास्त्र म्हणतो त्याच्या वाटेवरचं एक पाऊल त्यातून पडलं. ही पिंपं डॅन्यूबवरूनच येत. गावच्या चौकात आम्ही धपाटे खाल्ले आणि मी ही गोष्ट दोघांना सांगितली. वर्गात सांगताना जी सांगता येत नाही अशी काहीतरी भर त्यात आपोआप पडली.

पुढे विल्हेरिंगला आणखी एक धडा समोर आला. तिथून पलीकडच्या ओटेन्सहाइमला जी फेरी जाते तिला इंजिन नाही. नदीवर उंच आडवी तार ताणलेली आहे, फेरी तिला दोरांनी बांधलेली. नावाडी फेरीला प्रवाहाशी कोन देतो आणि वाहतं पाणीच तिला आडवं ढकलत पलीकडे नेतं. परत यायचं तर कोन उलटा. आवाज नाही, धूर नाही, फक्त लाकडाखालून पाणी सरकत असतं. बलाचे दोन घटक मी फळ्यावर किती वेळा पाडले असतील. इथे मी त्यांच्यावर उभा होतो. डॉक्टर आणि भाची पलीकडे उतरून थांबले, मी त्याच फेरीने एकदा परत जाऊन पुन्हा आलो.

लिंझमध्ये केप्लर १६१२ पासून चौदा वर्षं राहिला, तिथल्या शाळेत शिकवलं. ग्रहाच्या आवर्तकाळाचा (सूर्याभोवतीच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन यांचं नातं त्याला १६१८ मध्ये इथेच सापडलं. राटहाउसगासे या अरुंद गल्लीत त्याचं घर आहे. त्याच्या दाराशी सायकल टेकवून काढलेला फोटो कॉलेजच्या प्रयोगशाळेत लावायचा ठरवलं आहे.

सहावा दिवस: लिंझ ते ग्राइन, ६३ किलोमीटर

पंचवीस किलोमीटरवर माउटहाउझेन. नदीकाठचं रंगीत घरांचं गाव, आणि वर चढावर नाझींची छळछावणी. १९३८ ते १९४५ मध्ये इथे आणि हिच्या उपछावण्यांत सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं आणली, त्यातली किमान नव्वद हजार मेली. खाणीतून ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन कैदी १८६ पायऱ्या चढत. आम्ही त्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहिलो. खाली गवत होतं. उतरताना ब्रेक धरून सावकाश आलो. ग्राइनपर्यंत कुणीच फार बोललं नाही.

सातवा दिवस: ग्राइन ते मेल्क, ५० किलोमीटर

सकाळपासून पाऊस आणि रविवार. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात, हे माहीत असूनही आदल्या दिवशी खरेदी राहिली. उरलेले धपाटे आणि चटणी एका बसथांब्याच्या छपराखाली संपवली. पाऊस थांबला तेव्हा मेल्कचा पिवळा मठ कड्यावर दिसला. बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत, आताची इमारत अठराव्या शतकातली.

संध्याकाळी खोलीत ओले मोजे वाळत घालून नकाशा काढला, पण आपला. पैठणला नाथांची समाधी आणि नाथसागर, मग आपेगाव, ज्ञानेश्वरांचं गाव. पुढे राक्षसभुवन, ढालेगावचा बंधारा, मुद्गल, जनाबाईंचं गंगाखेड, आणि शेवटी नांदेडचा सचखंड गुरुद्वारा. सगळी गावं एकाच नदीवर. उत्तरेला समांतर रेल्वे आहेच. "सर, इथं तर वारकऱ्यांच्या वाटा आधीपासून आहेत," डॉक्टर म्हणाले. घोड्यांच्या वाटेवरून जर इथे सायकलवाट होते, तर दिंडीच्या वाटांवरून का नको? हिवाळ्यात आमचं हवामान यांच्या मे महिन्याइतकंच छान असतं. डांबर नको, बाभळीची सावली, दर दहा किलोमीटरला पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पॅसेंजरला एक डबा. त्या रात्री आम्ही पैठण ते नांदेडचे मुक्काम वहीत लिहून काढले.

आठवा दिवस: मेल्क ते क्रेम्स, ३७ किलोमीटर

वाखाउ खोरं. अंतर कमी, पण दिवस पुरला नाही. डोंगरउतारावर सिमेंटशिवाय रचलेले दगडी बांध आणि त्यांवर द्राक्षं. एका मळ्यात म्हातारे आजोबा ढासळलेला बांध रचत होते. भाची पुण्यात जर्मन शिकलेली, तिने विचारलं. ते म्हणाले, मोठा दगड आत झुकवून बसवायचा, पाणी फटीतून जाऊ द्यायचं, अडवायला गेलं की भिंत पडते. माझे आजोबा शेताचा बांध घालताना हेच सांगत. आम्ही दुष्काळी भागातून आलो, पाणी रेल्वेने आणलेलं बघितलंय, २०१६ साली मिरजेहून लातूरला, असं भाचीने सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मग घरातून जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली आणून दिली. झाडावरचे जर्दाळू अजून हिरवे होते, ते जुलैत पिकतात.

विलेनडॉर्फला १९०८ मध्ये जी अकरा सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली ती जागा वाटेतच आहे. मूर्ती जवळपास तीस हजार वर्षांपूर्वीची.

नववा दिवस: क्रेम्स ते व्हिएन्ना, ८२ किलोमीटर

वारा समोरून. दक्षिण काठावर त्स्वेन्टेनडॉर्फचं अणुवीजकेंद्र वाटेच्या अगदी शेजारी लागतं. पूर्ण बांधलं, पण कधीच सुरू केलं नाही. ५ नोव्हेंबर १९७८ ला लोकांचं मत घेतलं, साडेपन्नास टक्क्यांनी नको म्हटलं. मी वर्गात अणुविखंडन शिकवतो आणि अणुऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे, तरी एवढी मोठी तयार वस्तू थोड्या मतांनी थांबते याचा मला आदर वाटला. टुल्नला जेवण, आणि संध्याकाळी सहाला व्हिएन्ना. नदीवरचा आकडा १,९३० च्या खाली आला होता.

दहावा ते बारावा दिवस: परतीची वाट

संग्रहालयात जाऊन विलेनडॉर्फची मूर्ती बघितली, मुठीत मावेल एवढी. दोन सायकल दुकानं फिरून तीन रिकामी खोकी मिळाली. या वेळी तिन्ही डिरेलर काढले, रात्री साडेअकरा वाजले तरी. मोठी टॅक्सी, विमान, मुंबई, पार्सलची पावती, देवगिरी.

परभणीला ब्रेकव्हॅनमधून खोकी उतरवायला तेच मामा होते. फलाटाच्या टोकाला एका बाकाजवळ आम्ही सायकली तिथेच जोडायला घेतल्या. मामांनी चाक धरलं, मी हँडल आवळलं. त्यांना मी पासाऊच्या भिंतीचा फोटो दाखवला, ती रेघ आणि खाली उभा मी.

"एवढं पाणी?" ते म्हणाले. मग डावं पेडल हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कुण्या अंगानं फिरवायचं सर?" मी दाखवलं. ते बसवेपर्यंत पावसाचे पहिले थेंब फलाटाच्या पत्र्यावर पडायला लागले होते.